गॉडझिलाचे उत्तम चित्रपट कोणते?



गॉडझिला हे नाव ऐकले नाही असा तुमच्यात क्वचितच कोणी असेल. समुद्रातून वर येणारा, शेपटीच्या फटकाऱ्याने इमारती पाडणारा आणि तोंडातून किरणोत्सारी झोत सोडणारा तो अजस्र सरडा! १९५४ साली जपानच्या 'तोहो' या चित्रसंस्थेने त्याला प्रथम पडद्यावर आणले. तेव्हापासून जपानमध्ये त्याचे तीसहून अधिक चित्रपट निघाले. अमेरिकेत निघाले ते वेगळेच. एवढ्या मोठ्या ढिगातून उत्तम कोणते निवडावेत, हा प्रश्न मधल्या सुट्टीतल्या वादासाठी फार चांगला आहे. पण हा वाद नेहमी एकाच दिशेने जातो. कोणाचा गॉडझिला जास्त उंच? कोणी कोणाला लोळवले? किती इमारती पडल्या?

आधी उंचीचाच हिशेब पाहू. १९५४ सालचा गॉडझिला ५० मीटर उंच होता. १९८४ साली तो ८० मीटरांचा झाला, १९९१ साली १०० मीटरांचा आणि २०१६ साली तर ११८.५ मीटरांचा. हा प्राणी वाढीला लागला होता असे समजू नका. वाढल्या त्या टोकियोच्या इमारती! आसपास गगनचुंबी घरे उभी राहिल्यावर ५० मीटरांचा गॉडझिला त्यांच्यामागे झाकला गेला असता. तेव्हा उंचीवरून चित्रपटाची प्रत ठरवणे म्हणजे उंचीवरून विद्यार्थ्याचे गुण ठरवण्यासारखे आहे.

वर्गात आणखी एक जण नेहमी असतो. तो नाक मुरडून म्हणतो, "हे सगळे अशास्त्रीय आहे. असा प्राणी असूच शकत नाही." त्याचे म्हणणे अगदी खरे आहे. का ते पाहा. दोन मीटर उंचीचा प्राणी सर्व बाजूंनी २५ पट मोठा केला तर तो ५० मीटरांचा होईल. त्याच्या पायाच्या हाडाचा छेद २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पट होईल. पण वजन २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पट वाढेल. याचा अर्थ हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २५ पट भार येईल. तुमच्याच वजनाचे २४ जण खांद्यावर घेऊन चालून पाहा, म्हणजे कल्पना येईल! ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवली आहे. प्राण्यांच्या योग्य आकाराविषयी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली एक सुंदर निबंधही लिहिला. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

मग शास्त्रीय अचूकपणाची फूटपट्टी लावायची का? ती लावली तर सगळेच चित्रपट नापास होतात आणि निवडायला काही उरतच नाही. पहिल्या चित्रपटातले जीवाश्मतज्ज्ञ डॉ. यामाने यांचेच पाहा. गॉडझिलाच्या पाऊलखुणेत त्यांना एक ट्रायलोबाइट सापडतो. त्यावरून ते सांगतात, की हा प्राणी ज्युरासिक काळातला, म्हणजे सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा! ज्युरासिक काळ सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि ट्रायलोबाइट तर त्याही आधी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झालेले. तुमच्या परीक्षेत डॉ. यामाने यांना भोपळाच मिळाला असता.

म्हणून मी एक वेगळी फूटपट्टी घेतली आहे. प्रत्येक चित्रपटाला एका थापेची मुभा द्यायची: असा प्राणी आहे असे मानून चालायचे. त्यानंतर दोनच प्रश्न विचारायचे. ज्या भीतीतून हा प्राणी जन्मला ती भीती खरी आहे का? आणि चित्रपटातली माणसे तिच्यापुढे डोके वापरतात का, की नुसतीच पळतात? या कसोटीवर तीसहून अधिक चित्रपटांपैकी फार थोडे टिकतात. ते कोणते व का, हे सांगतो. तुम्हांला पटले नाही तर जरूर भांडा.

पहिला क्रमांक १९५४ सालच्या 'गोजिरा'चा, आणि त्याविषयी माझ्या मनात मुळीच शंका नाही. गोजिरा हे गॉडझिलाचे मूळ जपानी नाव. गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या संधीतून झालेले. दिग्दर्शक होते इशिरो होंडा.

त्या वर्षी काय घडले होते ते ध्यानात घ्या. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर एका हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांचा अंदाज होता, की स्फोटाची शक्ती सुमारे ६ मेगाटन भरेल. प्रत्यक्षात ती १५ मेगाटन भरली! बाँबमधील लिथियमचा एक समस्थानिक, लिथियम-७, स्फोटात भाग घेणार नाही असे त्यांनी गृहीत धरले होते. त्याने भाग घेतला. एका चुकीच्या गृहीताने बाँब अडीच पट मोठा झाला. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या बाहेर त्या वेळी 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५' अशा अर्थाचे नाव असलेली एक जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावर २३ जण होते. काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळाची राख होती, आणि किरणोत्सारी होती. तेवीसही जण आजारी पडले. नौकेचे बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मृत्यू पावले. जपानच्या बाजारात आलेले कितीतरी ट्यूना मासे किरणोत्सारी निघाले व ते नष्ट करावे लागले.

आणि ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीलाच समुद्रात एक नौका आहे, खलाशी आहेत, आणि डोळे दिपवणारा प्रकाश आहे. चित्रपटगृहातल्या कोणाही जपानी माणसाला हे काय आहे ते समजावून सांगावे लागले नसेल. पुढे आगगाडीत एक तरुणी किरणोत्सारी माशांविषयी कुरकुर करते आणि नागासाकीतून आपण वाचलो याची आठवण काढते. इस्पितळात एका लहान मुलापुढे गायगर गणक धरला जातो. डॉ. यामाने कालगणनेत चुकले, पण गॉडझिलाच्या मागे राहिलेल्या मातीत त्यांना स्ट्रॉन्शियम-९० सापडते, ते मात्र नेमके आहे. हा अणुस्फोटातून निर्माण होणारा किरणोत्सारी पदार्थ शरीरात कॅल्शियमसारखा वागतो आणि हाडांत जाऊन बसतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षांचा. हिशेब करून पाहा: १९५४ साली जगभर पडलेल्या स्ट्रॉन्शियमपैकी साधारण सहावा हिस्सा अजूनही कुठे ना कुठे शिल्लक आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा, कारण त्यात शेवट सांगितला आहे.

गॉडझिलाला मारण्याचा उपाय डॉ. सेरिझावा या तरुण शास्त्रज्ञाजवळ असतो. पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करून त्यातील सर्व जीव मारणारे एक द्रव्य त्याला संशोधन करता करता सापडलेले असते. पण ते वापरायला तो तयार नसतो. एकदा जगाने हे पाहिले, की राज्यकर्ते त्याचे शस्त्र बनवणार, अशी त्याला खात्री असते. शहर जळत असते आणि हा माणूस 'नाही' म्हणत असतो! शेवटी तो तयार होतो, परंतु आधी सगळी टिपणे जाळतो. मग स्वतः समुद्राच्या तळाशी उतरतो आणि आपल्या हवेची नळी कापून घेतो, म्हणजे ती कृती माहीत असलेला मेंदूही उरू नये. तो बरोबर वागला का? मला अजून ठरवता आलेले नाही. टिपणे जाळल्याने शोध नाहीसा होतो का? जे एकाला सापडले ते दुसऱ्यालाही सापडू शकते. शिवाय पुढे दुसरा गॉडझिला आला तर? आणि डॉ. यामाने यांना तर तो मारलाच जाऊ नये असे वाटत असते. एवढ्या किरणोत्सर्गातून हा जिवंत कसा राहिला, ते अभ्यासावे असे त्यांचे म्हणणे. दोन शास्त्रज्ञ, दोन वेगळी उत्तरे, आणि दोन्ही उत्तरांना वजन आहे. अशी माणसे असली, की मग राक्षस रबराचा असला तरी चालतो.

तो रबराचाच होता. त्या जड पोशाखात हारुओ नाकाजिमा नावाचे अभिनेते असत. पोशाखाचे वजन सुमारे १०० किलो. जड प्राणी पाऊल कसे टाकतात हे पाहण्यासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती व अस्वले न्याहाळीत बसत. करामतींची बाजू एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. शहराच्या प्रतिकृती पंचविसाव्या हिश्शाच्या. आता इथे एक अडचण येते. ५० मीटरांवरून सोडलेली वस्तू जमिनीवर पडायला सुमारे ३.२ सेकंद घेते. २ मीटरांवरची सुमारे ०.६४ सेकंदच. म्हणजे लहान इमारत पाचपट लवकर कोसळते आणि खेळणे असल्याचे गुपित तिथेच फुटते. यावर उपाय म्हणजे जलद चित्रण. सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रे घ्यायची आणि ती नेहमीच्या २४ च्या गतीने दाखवायची, की कोसळणे पाचपट सावकाश होते. २५ चे वर्गमूळ ५, हे लक्षात आले ना?

पण पाण्यापुढे हा उपाय थकतो. इमारत लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. त्याचा आकार पृष्ठताण ठरवतो, त्सुबुराया नव्हे. म्हणून जुन्या चित्रपटांत गॉडझिला समुद्रातून वर आला, की अंगावरून ओघळणारे थेंब डोक्याएवढे दिसतात. एकदा हे ध्यानात आले, की मग ते प्रत्येक वेळी दिसते; त्याबद्दल मला दोष देऊ नका. त्याची डरकाळी मात्र उत्तम साधली आहे. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर चिकट राळ लावलेला चामडी हातमोजा घासून तो आवाज काढला.

यानंतरची पंधरा-सोळा वर्षे मी भरभर ओलांडणार आहे. १९६२ साली किंग काँगशी झुंज झाली. तो चित्रपट रंगीत होता, खूप चालला, आणि पाहायला मजाही येते. पण त्यात भिण्यासारखे काही नाही. १९६४ साली मॉथरा हा प्रचंड पतंग गॉडझिलाविरुद्ध उभा राहिला. मॉथरा मला मनापासून आवडतो, तरी तो माझ्या यादीत बसत नाही. पुढे पुढे तर गॉडझिला मुलांचा मित्र आणि पृथ्वीचा राखणदार झाला. ज्या राखेने तेवीस माणसे भाजली तिचे काय झाले, हे कोणी विचारीना.

म्हणूनच १९७१ सालचा 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा' मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. हे वाचून काही जण हसतील. चित्रपट ओबडधोबड आहे हे मला मान्य. मध्येच गाणी येतात, मध्येच चलत्-व्यंगचित्रे येतात. एका प्रसंगी तर गॉडझिला तोंडातल्या झोताच्या जोरावर उलट दिशेने उडतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची एवढी थट्टा दुसऱ्या कोणी केली नसेल. पण हेडोरा कशाचा बनला आहे ते पाहा. तो कारखान्यांनी समुद्रात सोडलेल्या घाणीवर वाढतो. जमिनीवर येऊन धुराड्याला तोंड लावतो आणि धूर ओढतो. तो डोक्यावरून उडत गेला, की खाली मैदानात व्यायाम करणाऱ्या मुली घुसमटून कोसळतात. हा प्रसंग कल्पनेतला नव्हता. जुलै १९७० मध्ये टोकियोतील एका शाळेच्या मैदानावर व्यायाम करणाऱ्या मुली खरोखरच अशा आजारी पडल्या होत्या. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील वायूंवर कडक उन्हाची क्रिया होऊन ओझोनसारखे दाहक वायू बनतात. त्याला प्रकाशरासायनिक धुरके म्हणतात. मिनामाता येथे पाऱ्याने दूषित मासे खाऊन लोक पांगळे होत असल्याचे १९५६ सालीच उघड झाले होते. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हे त्याचे कारण आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ साल उजाडले. जपान सरकारने पर्यावरणासाठी स्वतंत्र खाते उघडले ते जुलै १९७१ मध्ये, आणि हेडोरा पडद्यावर आला तोही त्याच महिन्यात!

शिवाय या चित्रपटात डोके वापरले जाते. एक शास्त्रज्ञ आणि त्याचा लहान मुलगा हेडोराचे निरीक्षण करतात. तो ओल्या गाळाचा आहे, तेव्हा त्याला वाळवले तर तो मरेल, असा तर्क बांधतात. साधा तर्क, पण निरीक्षणातून आलेला.

१९८९ सालच्या 'बिओलांते'ला मी जवळजवळ घेतलेच होते. जनुकांची जोडणी नवी असताना तिच्याविषयीचा धाक त्यात आहे: गॉडझिलाच्या पेशी आणि गुलाब यांचा संकर! परंतु गॉडझिलाला निष्प्रभ करण्यासाठी त्यात अणुशक्ती खाणारे जीवाणू आणले आहेत, तिथे माझे मन उतरले. जीवाणू युरेनियमचे संयुग बदलू शकतील. पण किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रकातून येतो आणि तिथपर्यंत जीवाणूंचा हात पोहोचत नाही. एका थापेची मुभा दिली होती, दोन नव्हे.

अमेरिकन चित्रपटांबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती करामतींविषयी नाही. १९५६ साली पहिला जपानी चित्रपट अमेरिकेत दाखवला तेव्हा त्यात एक अमेरिकन वार्ताहर घुसवला आणि अणुस्फोटांविषयीचे पुष्कळसे बोलणे कापले. १९९८ सालच्या अमेरिकन गॉडझिलाचा दोष फ्रेंच चाचण्यांवर ढकलला. आणि २०१४ सालच्या चित्रपटात तर सांगितले, की पॅसिफिकमधले ते स्फोट चाचण्या नव्हत्याच. ते गॉडझिलाला मारण्याचे प्रयत्न होते! म्हणजे ज्या बाँबने राक्षस जन्माला घातला तोच बाँब आता रक्षणकर्ता ठरला. पडद्यावर टोकियो बुडवा, काही हरकत नाही. पण कुबोयामा खरे होते, आणि ती राखही खरी होती. तिचे कारण बदलण्याची मुभा मी कोणालाच देणार नाही.

आता राहिले दोन. २०१६ सालचा 'शिन गोजिरा' हिदेआकी अन्नो व शिंजी हिगुची यांनी काढला. अर्धा चित्रपट बैठकांचा आहे, आणि तरी तो श्वास रोखून पाहावा लागतो. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचे शीतन बंद पडले व तीन भट्ट्यांतील इंधन वितळले, हे तुम्ही वाचले असेल. हा गॉडझिला म्हणजे चालती अणुभट्टीच. त्याचे रक्त हाच शीतक, पाठीवरचे पंखे उष्णता बाहेर टाकणारे. मग रक्तच गोठवले तर? भट्टी आपोआप बंद पडेल. खात्याखात्यांतले चार विक्षिप्त शास्त्रज्ञ व अधिकारी रात्री जागून या उत्तरापर्यंत येतात. शेवटी तोंडात औषध ओतणारी वाहने पाहा. फुकुशिमात पाणी मारण्यासाठी काँक्रीट चढवण्याची जी लांब सोंडेची यंत्रे आणली होती, तसलीच ती आहेत. आणि गॉडझिला मरत नाही. तो गोठून टोकियोच्या मधोमध उभा राहतो आणि लोकांना त्याच्याशेजारी राहावे लागते. फुकुशिमात वितळलेले इंधन व त्यात मिसळलेला राडा मिळून सुमारे ८८० टन आहे. त्यातला पहिला नमुना बाहेर काढला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि त्याचे वजन होते ०.७ ग्रॅम!

२०२३ सालचा ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' तुमच्यापैकी बहुतेकांचा आवडता असणार. त्याला करामतींचे ऑस्कर मिळाले. ६१० दृश्ये अवघ्या ३५ कलावंतांनी केली. आणि पाणी! लाटेचा कण न् कण संगणकाने गणून काढलेला. त्सुबुराया यांना न जमलेला थेंब अखेर लहान झाला.

यात गॉडझिलाविरुद्ध योजलेला उपाय तर थेट तुमच्या पुस्तकातला आहे. त्याच्याभोवती फ्रेऑन वायूचे बुडबुडे सोडायचे. बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्याची सरासरी घनता कमी होते, उत्प्लावक बल घटते आणि तो खाली जातो. १,५०० मीटर खोलीवर दाब सुमारे १५० वातावरणे. तेवढ्याने मेला नाही, तर फुग्यांनी झटकन वर खेचायचा, म्हणजे दाब एकाएकी उतरेल. खोल पाण्यातला मासा जाळ्यातून वर आला, की त्याचा वाताशय फुगतो आणि त्याच्या दाबाने जठर तोंडाबाहेर येते, ते कोळीवाड्यातल्या मुलांनी पाहिले असेल.

मग याला मी चौथाच क्रमांक का देतो? त्या फ्रेऑनमुळे. कथा १९४७ सालची. फ्रेऑन तेव्हा अगदी निरुपद्रवी समजला जाई. त्याच्यासारखे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले. चित्रपटातल्या माणसांना ते माहीत नव्हते, त्यांना दोष नाही. पण २०२३ साली चित्रपट लिहिणाऱ्याला ते माहीत होते. सेरिझावाप्रमाणे 'या उपायाचे उद्या काय होईल?' असे विचारणारे एकही पात्र तिथे नाही.

तुमची यादी निराळी असेल. मॉथरावाल्यांचा राग मला समजतो. पण भांडायला येण्यापूर्वी १९५४ सालचा चित्रपट पाहा, आणि जपानी मूळ प्रतच पाहा. कृष्णधवल आहे म्हणून बाजूला सारू नका. अमेरिकन वार्ताहर दिसला, तर चुकीची प्रत हाती आली असे समजा. पाऊलखुणेतला ट्रायलोबाइट येतो तिथे थांबून डॉ. यामाने यांना हसून घ्या. मग सेरिझावा टिपणे जाळतो तिथपर्यंत जा, आणि तुम्ही त्याच्या जागी असता तर काडी ओढली असती का, ते मला कळवा.